बोलणारे तुकोबा, बोलविणारा विठोबा

मंडळी, खळ्यावर बोलणं सोपं आणि चावडीवर बोलणं अवघड, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात फिरवत माणूस तासभर बोलतो. पण ग्रामसभेत नाव पुकारलं की तोच माणूस उभा राहतो, टोपी सारखी करतो आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटते. घरून ठरवून आणलेलं सगळं विसरतो.

कारभारी मंडळींचं दुखणं वेगळंच. वसुलीची नोटीस घेऊन भाऊसाहेबांना ज्या घरी जायचं, त्या घरात गेल्याच आठवड्यात मयत झालेली असते. तिथं काय बोलावं? बांधाच्या भांडणात दोन सख्खे भाऊ समोर बसलेत, एक शब्द वावगा गेला तर कुऱ्हाडी निघतील. तिथं पोलीसपाटलानं काय बोलावं? अशा वेळी आपल्याकडची जुनी माणसं क्षणभर डोळे मिटायची. तूच बोलव रे पांडुरंगा, असं मनात म्हणायची आणि मग तोंड उघडायची.

आपण याला सवय म्हणतो. पण या सवयीच्या मागे एका माणसाचे अख्खे आयुष्य उभे आहे. तो माणूस तुमच्याआमच्यासारखा शेतीवाडीचा, दुकानदारीचा, कर्जबाजारी झालेला, दुष्काळात घरची माणसे गमावलेला. देहूचे तुकोबा. त्यांचे अभंग तुम्हाला पाठ असतील, ते इथे सांगत बसत नाही. बोलण्याच्या बाबतीत त्यांनी देवावर किती भार टाकला आणि त्याची किंमत काय मोजली, तेवढंच आज सांगायचं आहे.

महाजनाच्या घरचा मुलगा

पुण्याच्या वायव्येला इंद्रायणीच्या काठी देहू आहे. तुकोबांचा जन्म तिथला. साल १६०८ मानतात. घराणे मोरे, आडनाव आंबिले. जातीने कुणबी, धंद्याने वाणी. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. घरात पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाची पूजा. विश्वंभरबाबा नावाच्या पूर्वजाने गावात विठ्ठलाचे देऊळ उभारले होते. शेती होती, सावकारी होती, आणि देहूच्या बाजारपेठेची महाजनकी घरात होती. म्हणजे गरिबाघरचा मुलगा नव्हे बरं का. तराजू, माप, वही, खत या गोष्टी लहानपणापासून हाताखालच्या.

सावजींचे मन संसारात नव्हते. म्हणून व्यवहार तुकोबांच्या अंगावर आला, तेव्हा वय जेमतेम तेरा वर्षांचे. दोन लग्ने झाली. पहिल्या रखमाबाई, त्यांना दम्याचा विकार. दुसऱ्या जिजाबाई, पुण्याच्या गुळवे सावकारांची मुलगी, घरात त्यांना आवली म्हणत. तुकोबा सतरा वर्षांचे असताना आईवडील गेले. मग सावजींची बायको गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले, ते गेलेच. भरल्या घराचा एकेक वासा निखळू लागला.

दुष्काळात शब्द संपतात

आणि मग १६३० चा दुष्काळ आला. त्याच साली शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले. दख्खनेत आणि गुजरातेत पावसाने ओढ दिली आणि पुढच्या दोन वर्षांत माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. वरून फौजांची धावपळ. पुणे त्याच सुमारास आदिलशाही फौजेने उद्ध्वस्त केले. देहूचा हा मुलूख त्या सगळ्याच्या तोंडाशीच.

मंडळी, १९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी ज्यांनी पाहिला, त्यांना सुकडी आणि खडी फोडण्याची कामे आठवत असतील. त्या वेळी निदान सरकारी काम होते. १६३० साली तेही नव्हते. रखमाबाई अन्न अन्न करीत गेल्या, हे तुकोबांनी स्वतः एका अभंगात सांगून ठेवले आहे. मुलगा संतू गेला. गुरे गेली. उधारी बुडाली. व्यापाराचे दिवाळे वाजले. बाजारपेठेत ज्याच्या शब्दावर माल उचलला जायचा, त्या महाजनाच्या शब्दाला आता किंमत उरली नाही. याच अभंगात ते सांगतात की या दुःखाने आपल्याला लाज वाटू लागली. दिवाळे निघालेल्या माणसाला बाजारातून मान वर करून चालता येत नाही. ही गोष्ट तुम्ही जाणता.

महाजनाचा सगळा धंदा शब्दावर चालतो. तो शब्दच संपला. इथून तुकोबांची खरी गोष्ट सुरू होते.

नदीत गेलेले पहिले कागद

देहूच्या आसपास तीन डोंगर आहेत. भामचंद्र, भंडारा आणि घोरावडेश्वर. तुकोबा तिथे जाऊन बसू लागले. भामचंद्राच्या डोंगरावर ते पंधरा दिवस राहिले, असे सांगतात. कान्होबा शोधत शोधत गेला आणि त्यांना घेऊन इंद्रायणीकाठी आला.

पुढे जे झाले ते महिपतीबुवांनी लिहून ठेवले आहे. हे महिपती राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे, आणि ते गावचे कुलकर्णी होते! म्हणजे कारभारी मंडळींचेच जातभाई. सरकारी दप्तराची लेखणी खाली ठेवून संतांची चरित्रे लिहायला बसले. भक्तविजय १७६२ साली आणि भक्तलीलामृत १७७४ साली त्यांनी पुरे केले. तुकोबांच्या आयुष्यातल्या पुष्कळ कथा आपल्याला त्यांच्यामुळे माहीत आहेत.

तर महिपती सांगतात की तुकोबांनी घरातली सगळी खतपत्रे नदीवर मागविली. लोकांकडे येणे असलेल्या कर्जाचे कागद होते ते. त्यांची दोन वाटणी केली. निम्मे कान्होबाच्या हातात दिले, कारण त्याला त्याचा संसार होता, त्याच्या वाट्यावर आपला हक्क नाही. आपला निम्मा वाटा उचलला आणि इंद्रायणीत सोडून दिला.

दुष्काळातून नुकतेच वर आलेल्या गावात ज्यांच्या नावाची ती खते होती, त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल, हे सावकाराच्या दारात उभं राहिलेल्या माणसालाच कळेल. आता नीट ध्यानात घ्या. तुकोबांनी लोकांना उपदेश नंतर केला. आधी त्यांच्या मानेवरचा आपला हात काढून घेतला. ज्याचे आपल्याकडे कर्ज आहे त्याला आपण देवाधर्माच्या चार गोष्टी सांगितल्या, तर तो मान डोलावील. पण मनात म्हणेल, बोल बाबा बोल, तुझं व्याज चालू आहे. तो व्याजाचा अडथळा तुकोबांनी पाण्यात घालवला. मग बोलायला मोकळे झाले.

पाठीमागे उभा राहणारा

पण मोकळे झाले म्हणून लगेच बोलू लागले नाहीत. हे अनेकांना माहीत नसते. त्यांनी आधी पडक्या देवळाची डागडुजी केली. ज्ञानेश्वरी वाचली, एकनाथी भागवत वाचले, नामदेवांचे अभंग पाठ केले. आपले मन सुरुवातीला अभ्यासात लागत नव्हते, हेही ते लपवत नाहीत. कीर्तनात दुसरे कुणी पुढे उभे राहून गायचे, तेव्हा तुकोबा मागे उभे राहून ध्रुपद धरायचे. जमेल तसे दुसऱ्याच्या उपयोगी पडायचे. गावात कामाची लाज धरायची नाही, आणि खऱ्याखोट्याचा निवाडा गर्दीच्या कलाने करायचा नाही, मनाला साक्षी ठेवून करायचा, असे त्यांनी ठरवून टाकले होते.

देवावर भरवसा ठेवणे म्हणजे तयारी न करणे, असा कुणाचा समज असेल तर तो इथंच सोडा. पेरणी पावसाच्या भरवशावर असते हे खरं, पण नांगरट कुणी पावसावर सोडत नाही. तुकोबांनी नांगरट पुरी केली होती. दुसऱ्यांचे शब्द मागे उभे राहून वर्षानुवर्षे झेलले होते.

या काळातली एक गोष्ट गावोगाव सांगतात. एका शेतकऱ्याने तुकोबांना जोंधळ्याचे शेत राखायला बसविले. धान्य देण्याचे ठरले. तुकोबा माळ्यावर बसले, पाखरे आली. पण गोफण काही हातून सुटेना. पाखरांच्या पोटात तोच देव, त्यांच्यावर ओरडायचे कसे? धनी येऊन पाहतो तर थवेच्या थवे कणसांवर. त्याने पंचांपुढे नेले. पंचांनी नुकसान भरून देण्याचे ठरवले आणि तुकोबांनी एक शब्द न काढता ते कबूल केले. मग मळणी झाली आणि दरवर्षीपेक्षा कितीतरी जास्त धान्य निघाले, असा कथेचा शेवट आहे. राखणदार म्हणून तुकोबा कामाचे नव्हते, हे तुम्ही म्हणाल आणि मीही म्हणेन. पण ज्याला पाखरांवर ओरडायलासुद्धा शब्द फुटेना, त्याच माणसाच्या तोंडून पुढे साडेचार हजारांहून जास्त अभंग निघाले आणि त्यातले काही आसुडासारखे आहेत.

स्वप्नातला हिशेब

माघ शुद्ध दशमी, गुरुवार. त्या दिवशी स्वप्नात बाबाजी चैतन्य यांनी आपल्याला मंत्र दिला, असे तुकोबा सांगतात. दुसरे स्वप्न त्याहून मोठे. नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन आले, झोपेतून हलवून उठवले आणि सांगितले की अभंग करायला लाग, वायफळ बोलण्यात वेळ घालवू नको. नामदेवांचा संकल्प शंभर कोटींचा होता आणि तो अपुरा राहिला होता. उरलेली भरती तुकोबांनी करायची. आणि मोजायला माप कुणाच्या हाती? खुद्द विठ्ठलाच्या. धान्य मोजताना मापाडी जशी खूण ठेवतो, तशी खूण ठेवीत विठ्ठल मोजत होता, असे ते वर्णन करतात.

व्यापाऱ्याच्या स्वप्नातही माप आले बघा. पण या वेळी माप दुसऱ्याच्या हातात होते.

इथून पुढे तुकोबांचे बोलणे सुरू झाले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी एकच गोष्ट लोकांना बजावली. हे शब्द माझ्या जोरावर निघत नाहीत. मालक वेगळा आहे. साळुंकीला जे पढवावे ते ती बोलते, तिची त्यात काय फुशारकी? माल धन्याचा, आपण पाठीवर पोती वाहणारे. बाजार समितीत तुम्ही हमाल रोज पाहता. सबंध आडत त्याच्या पाठीवरून जाते, पण पोत्यातला दाणा तो आपला म्हणत नाही, आणि पोते फोडून त्यात खडेही मिसळत नाही. तुकोबांचा भरवसा नेमका असा होता.

वाचकहो, हा नुसता विनय नव्हता. यातून तीन गोष्टी आपोआप येतात. माल आपला नसेल तर तो विकता येत नाही. माल आपला नसेल तर त्याच्यावर मिशीला पीळ देता येत नाही. आणि माल आपला नसेल तर कुणाला घाबरून त्यात भेसळही करता येत नाही. पहिल्या दोन गोष्टी तुकोबांनी हसत सांभाळल्या. कीर्तनकाराने जिथे कीर्तन केले तिथे जेवूही नये, पैसा घेणे तर लांबच, असे ते निक्षून सांगत. पंचनाम्याला जाऊन कोंबडीवर ताव मारणाऱ्यांनी याचा विचार करावा, एवढंच म्हणतो. शिवाजीराजांनी दिवट्या, छत्र, घोडे पाठविले आणि तुकोबांनी ते परत केले, असेही परंपरा सांगते.

तिसऱ्या गोष्टीने मात्र जीव काढला.

पाटील रागावला

शूद्र जातीचा माणूस मराठीत वेदांचा अर्थ सांगतो आणि ब्राह्मण त्याच्या पाया पडतात, ही बातमी फिरली. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी हरकत घेतली. त्यांचा सवाल सरळ होता. तुला हा अधिकार दिला कुणी? तुकोबांनी उत्तर दिले की देवाची आज्ञा झाली म्हणून बोललो. भट्टांनी सांगितले, मग वह्या नदीत बुडव. देवाचे असतील तर देव राखील.

मंडळी, रामेश्वर भट्टांच्या जागी जरा बसून पाहा. देवाने मला सांगितले, असे म्हणणारे त्या काळी थोडे नव्हते आणि आजही थोडे नाहीत. ज्याच्या तोंडात देव आहे त्याला उलट विचारायचे कसे? देवाच्या नावावर पैसा उकळणारे, बायाबापड्यांना नाडणारे भोंदू तुकोबांनाही ठाऊक होते. त्यांच्यावर जितके कोरडे तुकोबांनी ओढले तितके क्वचितच कुणी ओढले असतील. तेव्हा परीक्षा मागणे चूक नव्हते. चूक एवढीच की भट्टांनी शब्द पाहिले नाहीत, जात पाहिली.

गावानेही पाठ फिरवली. त्या दिवसांचा एक अभंग आहे. त्यात तुकोबा म्हणतात की पाटील रागावला आहे, गावचे लोक रागावले आहेत, आता खावे काय आणि जावे कुठे. संतांच्या गाथेत गावच्या पाटलाची दहशत अशी स्पष्ट लिहिलेली दुसरीकडे क्वचितच सापडेल. तुमच्यापैकी ज्यांच्या हाती गावचा कारभार आहे, त्यांनी हे वाचून घडीभर थांबावं. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पाटलाचे नाव आज कुणी घेत नाही. पण त्याचा राग अभंगात कायमचा नोंदला गेला.

तुकोबांपुढे एक सोपी वाट होती. चार शब्द मऊ करायचे, दोन अभंग मागे घ्यायचे, भट्टांची समजूत काढायची. महाजनाला वाटाघाट शिकवावी लागत नाही. पण माल मालकाचा. त्यांनी वह्या बांधल्या आणि इंद्रायणीत सोडल्या.

तेरा दिवस

त्याच नदीत त्यांनी पूर्वी कर्जाची खते सोडली होती, तेव्हा हात हलका झाला होता. या वेळी तसे झाले नाही. तुकोबा नदीकाठी शिळेवर पडून राहिले. अन्न नाही, पाणी नाही. तेरा दिवस.

शब्द देवाचे होते ना? मग बुडाले तर देवाचे बुडाले, तुकोबांनी एवढा जीव का टाकावा? हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडत होता. उत्तर त्यांच्याच अभंगात आहे. वह्या गेल्याचे दुःख होतेच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. ते स्वप्न खोटे होते की काय? आपण इतकी वर्षे आपलेच बोलणे देवाच्या नावावर खपवत होतो की काय? दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याचे दुसरे दिवाळे निघायची वेळ आली होती. लोक येऊन हसत होते. पहिले कागद बुडवलेस ते बुडाले, आता दुसरेही बुडवलेस, जीव कसा धरवतो तुला, असे टोमणे बसल्याचे महिपती सांगतात.

देवावर भरवसा टाकणाऱ्याच्या मनात शंका येत नाही, असं समजू नका. तुकोबांच्या मनात तेरा दिवस होती.

तेराव्या दिवशी वह्या पाण्यावर कोरड्या तरंगल्या, अशी श्रद्धा आहे. काही अभ्यासक वेगळे सांगतात. अभंग तोवर लोकांना तोंडपाठ झाले होते, लोकांनी ते म्हणून दाखवले, म्हणून वह्या बुडूनही शब्द बुडाले नाहीत. तुम्ही यातले काहीही माना. एक गोष्ट मात्र पक्की. तुकोबांचे अभंग तेव्हा कोल्हापुरापर्यंत पोचले होते. बहिणाबाई नावाच्या ब्राह्मण घरातल्या तरुण बाईने ते जयराम स्वामींच्या कीर्तनात ऐकले, तुकोबांना न पाहताच गुरू मानले आणि पुढे त्या देहूला येऊन राहिल्या. नदीत कागद बुडवता येतो. घरोघरच्या तोंडातला शब्द बुडवायला तेवढे पाणी इंद्रायणीत नव्हते.

वह्या परत मिळाल्यावर तुकोबांनी काय केले? जयजयकार केला? रामेश्वर भट्टांना हिणवले? नाही. त्यांनी देवाची माफी मागितली. लोकांच्या बोलण्यापायी मी तुझा अंत पाहिला, तेरा दिवस डोळे मिटून तुझ्यावर ओझे टाकले, हा माझा मोठा अपराध झाला, अशा अर्थाचे त्यांचे अभंग आहेत. जिंकलेल्या माणसाने माफी मागावी, हे आपल्या गावकीच्या राजकारणात बसत नाही. पण इथे जिंकला कोण, हा प्रश्नच तुकोबांनी शिल्लक ठेवला नाही.

आणि रामेश्वर भट्ट? ते तुकोबांचे शिष्य झाले. आज देवळात तुकारामांची जी आरती म्हणतात, ती त्यांच्या नावावर आहे. वैऱ्याला लाजवणारा शब्द तुकोबांच्या तोंडून गेला नाही, म्हणून वैऱ्याच्या तोंडून आरती निघाली. चाकणचे संताजी जगनाडे, तेली समाजाचे, त्यांनी अभंग उतरवून घेतले. टाळकऱ्यांत अनेक जातींची माणसे होती. शब्द कुणा एकाचा नसला की तो वाहायला सगळे येतात.

जिजाईंचा हिशेब

एवढे सांगून थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. कारण घरी जिजाई होत्या.

कीर्तनकार जिजाईंना भांडखोर रंगवतात आणि लोक हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही, मायबहिणींनो. घरात पोरे, काशी, भागीरथी, गंगा या मुली, महादेव, विठोबा हे मुलगे, आणि धनी डोंगरावर. जिजाईंनी स्वतःच्या शब्दावर उसनवारी करून व्यापाराला भांडवल उभे करून दिले. तुकोबा माल विकून नफा घेऊन निघाले आणि वाटेत कर्जापायी अडवून ठेवलेल्या एका माणसाला सोडवायला ते सगळे देऊन रिकाम्या हाताने घरी आले, अशी कथा आहे. उसाची मोळी मिळाली तर ती वाटेत पोरांना वाटून एक कांडे घरी आणले, तीही कथा तुम्हाला माहीत आहे. त्या माऊलीने देवाला शिव्या दिल्या, पण डोंगरावर भाकरी पोचवायची चुकवली नाही. अनवाणी चढताना पायात काटा मोडला तरी.

हजारो लोकांसाठी ज्याच्या तोंडात शब्द येत होते, त्याच्याकडे घरच्या बाईच्या भुकेला उत्तर नव्हते. तुकोबांचे मोठेपण याने कमी होत नाही. पण गावाला शहाणपण सांगणाऱ्या प्रत्येकाने घरी काय शिजले आहे हे एकदा विचारावे, हाही त्यांच्याच आयुष्याचा धडा आहे. जिजाईंचा हिशेब आपण अजून चुकता केलेला नाही.

आता आपलं काय?

फाल्गुन वद्य द्वितीयेला, शके १५७१ मध्ये, म्हणजे १६५० साली, तुकोबा गेले. तो दिवस आपण तुकाराम बीज म्हणून पाळतो. त्या वेळी जिजाई गरोदर होत्या. मागून जन्मलेल्या नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली. तीच पालखी आजही ज्येष्ठात देहूहून निघते. सरकारनेही १८७३ साली मुंबईत गाथा छापून काढली. ज्या वह्यांना नदी दाखवली गेली, त्या छापखान्यात गेल्या.

आता तुम्ही विचाराल, आम्ही काय तुकोबा आहोत का? नाही. मीही नाही. पण उद्या तुम्हाला ग्रामसभेत उठून बोलायचं आहे, पाझर तलावाच्या पाण्याचा प्रश्न मांडायचा आहे. भाऊसाहेबांना त्या मयत झालेल्या घरी जायचंच आहे. तेव्हा तुकोबांची रीत अंगणात लावलेल्या तुळशीइतकी जवळची आहे. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या मानेवर आपला हात असेल तर तो आधी काढा. निदान थोडा सैल करा. विषयाची नांगरट करून जा, सातबारा, ठराव, आकडे पाहून जा. इतर बोलतात तेव्हा मागे उभं राहून ऐका. मग तोंड उघडण्याआधी एक श्वास थांबा आणि आपल्या देवाला म्हणा की माल तुझा, मी वाहणारा.

एवढं करूनही शब्द सुचला नाही तर? मग गप्प राहा. शब्द आला नाही म्हणजे त्या वेळी तो लागत नसेल. मयताच्या घरी भाऊसाहेब नोटीस खिशातच ठेवून घटकाभर ओट्यावर बसले आणि उठून आले, तर त्या घराला ते बोलणं दहा वर्षं आठवेल. नोटीस पुढच्या आठवड्यात देता येते.

आणि बोलल्यावर कुणी वाहवा केली, पाठीवर थाप मारली, तर पाठीवर पोतं आहे हे विसरू नका. ते उतरवायचं, घाम पुसायचा आणि दुसऱ्या खेपेला निघायचं.

राम कृष्ण हरी.